वास गेल्यावर

बाबा कोराडीच्या वीजकेंद्रात फिटर होते आणि खाण्याचे वेडे. नवी यंत्रं बसवायला परदेशी इंजिनिअर आले, तेव्हा बाबांनी गेस्ट हाऊसच्या खानसाम्याशी दोस्ती करून त्यांचं जेवण चाखलं. संध्याकाळी दारात राखेनं पांढरे झालेले बूट काढता काढता ते मला परदेश सांगत.

"चीज म्हणजे आपल्या खव्याचा नासका भाऊ आहे वं. पण गिळल्यावर मागून गोडवा येते."

आई चुलीकडूनच विचारी, "अन् फोडणी?"

"फोडणी नाही त्यायच्याकडे."

"मंग जेवतेत कशाले?"

बाबा मात्र कुणाच्या जेवणाला हसत नसत. ते लोक एकेक चव सुटी ठेवतात, आपण सगळ्यांना एकाच पंगतीत बसवतो, दोन्हीत अक्कल आहे, असं त्यांचं म्हणणं. तरी गोळाभातापुढे त्यांनी कुणालाच उभं केलं नाही. गरम भातावर डाळीचे तिखट गोळे कुस्करायचे आणि वरून हिंग-मोहरीचं कढत तेल ओतायचं. तेल पडलं की बाबा डोळे मिटून ताटावर वाकत.

मी कॉलेजात जायला लागले त्या वर्षी त्यांना टायफॉइड झाला. बरे झाले, कामावर गेले, पहिल्यासारखे जेवू लागले. घासागणिक "छान झालं" म्हणू लागले. इतकं पूर्वी ते कधीच म्हणत नसत, पण तेव्हा आमच्या ते लक्षात आलं नाही.

मे महिन्यात एका दुपारी आई शेजारी गेली होती. बाबांनी सकाळचं वरण स्वतःच वाढून घेतलं आणि भाताबरोबर सगळं संपवलं. आई परतली, तिनं रिकाम्या भांड्यावरचं झाकण उचललं आणि नाकाला पदर लावला.

"हे तर आंबलं होतं! कसं खाल्लं जी तुम्ही?"

"छान होतं," बाबा म्हणाले. मग आम्हा दोघींकडे पाहून त्यांनी मान खाली घातली. "मले वासच येत नाही. तापापासून. सगळं माती लागते."

आई भिंतीला टेकून खाली बसली. "मंग इतके दिवस छान छान कोणाले म्हणून राहिले होते?"

"तुले," बाबा म्हणाले.

त्यानंतर घरात जेवणाची वेळ जड होऊ लागली. आई वाढायची आणि त्यांच्याकडे न बघता आत निघून जायची. शेवटी बाबांनी मला समोर बसवलं. "तू खा अन् मले सांग." मी सांगायची. आज मेथी कडू आहे. जवसाची चटणी जरा जास्त भाजली. "कशी जास्त? जळकट का खमंग?" ते खोदून विचारत. मी पुन्हा घास घ्यायची, नीट चावायची, शब्द शोधायची. ऐकताना ते हळूहळू चावत. कधीकधी त्यांच्या चेहऱ्यावर ती चव खरोखर उमटायची. ते बघून माझ्या अंगावर काटा यायचा. आपल्या तोंडातून दुसरंच कोणी जेवतंय असं वाटायचं.

काही वर्षांनी बाबा झोपेतच गेले. माझं लग्न झालं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इटलीत एका बंदराच्या गावी राहिलो. तिथं मी पहिल्यांदा जुनं, मुरलेलं चीज खाल्लं. मागून गोडवा आला. पुढचं मला कळलंच नाही. नवरा हळूच म्हणाला, "कोणाशी बोलतेयस?" मी चांगल्या भरल्या हॉटेलात वऱ्हाडीत चव सांगत होते. मग ते नेहमीचंच झालं. मासा असो, पावाचा तुकडा असो, पहिला घास माझा कधी नसायचाच.

नागपूरला सुट्टीवर आले तेव्हा आईनं गोळाभात केला. आम्ही दोघीच होतो. वाळ्याचा पडदा ओला केला होता, तरी घर तापलेलं होतं. आईनं विचारलं, "तिकडे काय खाता तुम्ही?"

मी सांगू लागले. ऑलिव्हचं तेल कसं घशाला जरा चावतं, टोमॅटो किती गोड असतात, भात कसा मुद्दाम थोडा कच्चा ठेवतात. आईचा हात ताटातच थांबला होता. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या शेजारी, भिंतीपाशी, जिथं पाट मांडलेला नव्हता, तिकडे बघत होती.

"ऐकलं का जी," ती म्हणाली, "भात कच्चा ठेवतेत म्हणे."

मी वळून पाहिलं नाही. आवाज थोडा वाढवला आणि पुढं सांगत राहिले.