कुंडलिक फिटरचं कॅलिपर

वाकोल्याच्या आमच्या चाळीत धोंडू परब राहायचा. त्याला सगळे फिटर म्हणायचे. मिल बंद पडून चार वर्षं झाली तरी म्हणायचे, आणि त्यालाही ते बरं वाटायचं. संपाच्या आधी तो परळच्या एका मिलमध्ये साच्यांचा, म्हणजे कापड विणायच्या मागांचा, फिटर होता. आता दारात स्टूल टाकून जुन्या कॅमेऱ्यांच्या लेन्सांच्या जाम झालेल्या रिंगा सोडवायचा. साच्यांवरून माणूस लेन्सांवर कसा येतो, असं कुणी विचारलं तर मी म्हणतो, पोट आणतं. सांताक्रूझच्या एका फोटोवाल्याने अडलेली लेन्स सहज त्याच्यापुढे टाकली, ह्याने ती फिरती करून दिली, आणि मग लोक विचारत विचारत यायला लागले.

"तिथेही आटे, इथेही आटे. ग्रीस सुकलं की सगळं जाम," तो म्हणायचा. आणि पुढे ठरलेलं वाक्य, "मिल उघडेपर्यंत करायचं."

हे ऐकून ऐकून आमचे कान किटले होते. त्याची बायको सुगंधा कपड्यांच्या कारखान्यात धागे कापायला जायची. दिवसभर उभी राहून आलेली ती बाई हे वाक्य कानावर पडलं की भांडी जरा जास्तच आपटायची. मला तिचा राग कळायचा आणि ह्याचा कीव यावी असा हट्टही कळायचा.

मिलची हत्यारं त्याने जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून कपाटावर ठेवली होती. लेन्सच्या कामासाठी तो त्यांना हात लावायचा नाही. त्यात दोन वाकड्या पायांचं एक पोलादी कॅलिपर होतं, साच्याच्या भागांमधलं अंतर मोजायचं. त्याचा गुरू कुंडलिक फिटर, त्याने रिटायर होताना ते ह्याला दिलेलं. अधूनमधून धोंडू गाठोडं सोडायचा, कॅलिपरला तेलाचं बोट फिरवायचा आणि पुन्हा गाठ मारायचा. लेन्सच्या पुढची, दोन खाचांत टोकं रोवून फिरवायची गोल पट्टी उघडायला मात्र शाळेच्या कंपासपेटीतल्या कर्कटकाची टोकं घासून वापरायचा.

मे महिन्यात खारदांड्याचा रामनाथ कोळी आला. होडी ओढताना पायाचा चेंदामेंदा झाल्यापासून त्याचा समुद्र सुटला होता. बापाची जर्मन लेन्स घेऊन तो लग्नाचे फोटो काढायचा.

"फिटर, वाट लागली यार. फिरतच नाय ही."

फोकसची रिंग सहा फुटांवर अडकली होती. पण गडी कोळी. त्याने जाळ्याचा दोरा सहा फूट मोजून कॅमेऱ्याला बांधला होता.

"दोरा नवरीच्या नाकापर्यंत ताणला का फोटो साफ," तो म्हणाला. "पन वरात काय दोऱ्याला धरून चालते? मागच्या लग्नात नवरी साफ आली न नवरा धुरात."

आम्ही हसलो. तो हसला नाही. "रविवारी हळद हाय, दादा. ती हळद पन बिघडली तर दांड्यात मला कोन बोलवनार?"

धोंडूने लेन्स ठेवून घेतली. कर्कटक लावलं, जोर दिला, आणि टोक वाकलं. दुसऱ्यांदा सटकून काचेच्या अगदी कडेला थांबलं. गेल्याच महिन्यात असंच सटकून एका लेन्सवर ओरखडा उठला होता. त्याने हात मागे घेतला.

"मऊ लोखंड. ह्याने नाही व्हायचं," तो मला म्हणाला.

सुगंधा दारात तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "कपाटार ठेवलेला असा ना ता."

"ता मिलचा."

"मगे?"

"टोका घासली की माप गेला. मिल उघाडली तर काय बोटान मोजू?"

तिने सूप खाली ठेवलं. ती भांडेल असं मला वाटलं, पण तिच्यात तेवढंही त्राण उरलं नव्हतं. "खंयची मिल ओ? थंयच्या कुलपाक सुदीक गंज चढलो."

धोंडूने वाकलेलं कर्कटक पेटीत टाकलं. त्याच्या जागी मी असतो तर लेन्स परत दिली असती, खोटं कशाला बोलू. शेवटी तो उठला आणि कपाटावरून गाठोडं उतरवलं. कॅलिपर कपाळाला लावलं. मग धार लावायच्या दगडावर तेल टाकून एकेक टोक घासायला लागला. तो खरखर आवाज सगळ्या गॅलरीला ऐकू गेला आणि कुणीही काय चाललंय म्हणून विचारलं नाही.

त्या टोकांनी पट्टी पहिल्या फटक्यात सुटली. रिंगच्या कडेने त्याने केरोसिनचे थेंब सोडले, लेन्स कागदात गुंडाळून उन्हात ठेवली, सायकलच्या ट्यूबचा तुकडा रिंगभोवती आवळून थोडी पुढे, थोडी मागे असं करत राहिला. शनिवारी रामनाथ समोर असतानाच रिंग सुटली. आटे जिथे वेगळे होतात तिथे त्याने सुईने खूण केली आणि आतला भाग बाहेर काढला. आट्यांत लाल-पिवळा गाळ लाखेसारखा बसला होता.

"हे कुंकू रे?"

"तर! दर दसऱ्याला पूजा करतो. होडीच्या इंजिनाची करतो तशी. हळदकुंकू, वरून नारळाचं पानी."

धोंडू कितीतरी दिवसांनी हसला. "आम्हीही करायचो साच्यांची. पण दुसऱ्या दिवशी सकाळी फिटरने केरोसिन घेऊन सगळं पुसायचं, मगच पट्टा चालू. तू पुसलंस कधी?"

रामनाथचा चेहरा उतरला. "देवाचं कुंकू पुसायचं?"

"नाय पुसलं तर हे असं होतं." गाळ खरवडता खरवडता धोंडूचा हात थांबला. रामनाथकडे नाही, सुगंधाकडे बघत तो म्हणाला, "एका लेन्सची ही गत. थंय चार वरसां कोणी तेलाचो थेंब घातलो नाय. ते साचे आता फिरनत नाय, गो."

सुगंधाने मान हलवली. डोळ्यांना पदर लावला, पण बरं झालं असं काही म्हणाली नाही. मला तेव्हा तिचं फार कौतुक वाटलं.

रामनाथची हळद पार पडली. सोमवारी तो कोलंबी घेऊन आला आणि एक फोटो दाखवला. त्यात नवरी साफ होती, मागचा बँडही साफ होता, आणि दोऱ्याचा कुठे पत्ता नव्हता.

त्या वर्षी दसऱ्याला, मिल बंद पडल्यापासून पहिल्यांदा, धोंडूने पाटावर हत्यारं मांडली. सुगंधाने कॅलिपरला कुंकू लावलं, त्याने नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत गॅलरीत आलो तर हा स्टुलावर बसून केरोसिनने एकेक हत्यार पुसत होता.

"काय फिटर, मिल उघडली की काय?" मी चिडवलं.

"नाही," तो म्हणाला. "दोन लेन्स आल्यात."

हातातलं फडकं लाल झालं होतं, केरोसिनने ओलं झालं होतं. ते मी ओळखलं. गाठोड्याचं होतं.

"अरे, मग आता हत्यारं बांधणार कशात?"

त्याने कॅलिपर पुसून स्टुलावर, हाताशी ठेवलं.

"आता बांधायची कशाला?"