कंदिलाच्या काचा आणि बुरखेवाला

पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत कोल्हापुरात शाहूपुरीच्या कडेला, पुढं जिथं वखारी उभ्या राहिल्या त्या माळावर, एका बायस्कोपवाल्यानं तंबू ठोकला. तोवर असे तंबू जत्रेपुरते यायचे आणि उठून जायचे. हा मात्र मुक्काम करूनच राहिला, आणि त्यानं आम्हा तिघांना वेड लावलं.

तिघे म्हणजे मी, माझा कोडोलीचा दोस्त आणि चाचांचा मुलगा. माझे वडील दरबारच्या कचेरीत कारकून होते. कोडोलीकर शेतकऱ्याचा पोरगा, महाराजांनी मुलांसाठी काढलेल्या एका बोर्डिंगात राहून शिकायचा. अंगानं पैलवान, आणि आवाज असा की वर्गात कुजबुजला तरी मास्तर वळून बघायचे. चाचांचा मुलगा आमच्यात सगळ्यात शांत. त्याचे वडील जादूच्या कंदिलाचा खेळ करायचे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो.

तो कंदील आता बघायला मिळत नाही, म्हणून सांगतो. एक लाकडी पेटी, वर धुरासाठी पत्र्याचं नळकांडं, आत रॉकेलचा दिवा आणि पुढं भिंग. दिवा आणि भिंग यांच्यामध्ये रंगवलेली काच सरकवायची. काच तळहाताएवढी, पण समोर पडदा म्हणून ताणलेल्या ओल्या धोतरावर राम पुरुषभर उंच उभा राहायचा. चाचांकडं सगळं रामायण काचांवर होतं. त्यांच्या मिरजेच्या उस्तादांनी ते रंगवलं होतं, आणि उस्ताद गेल्यावर पेटीसकट चाचांकडं आलं होतं. लग्नघरी, जत्रेत, कधी एखाद्या इनामदाराच्या अंगणात ते खेळ लावायचे. सीतेला रावण नेतो तिथं चाचांचा आवाज कातर व्हायचा आणि बायका पदर डोळ्याला लावायच्या. लहानपणी आम्हीही त्या काचांवर जीव टाकायचो. मारुतीच्या शेपटीचे केस उस्तादांनी कितव्या नंबरच्या ब्रशानं काढले असतील यावर आमची भांडणं व्हायची.

मग बुरखेवाला आला.

बायस्कोपमध्ये एक विलायती खेळ तुकड्यातुकड्यानं दाखवायचे. दर आठवड्याला नवा तुकडा. काळा बुरखा घातलेला एक माणूस आगगाडीच्या टपावरून पळायचा, पुलावरून नदीत उडी घ्यायचा, आणि ऐन वेळी, विहिरीत सोडलेली दोरी तुटायच्या बेताला आलेली असतानाच, तुकडा संपायचा. मधेमधे पडद्यावर इंग्रजी अक्षरं यायची. ती मी वाचून मराठीत सांगायचो. आमच्या आजूबाजूची माणसंही कान माझ्याकडं लावून बसायची.

पुढचा आठवडाभर आम्ही दुसरं काही बोलायचो नाही. बुरख्याखाली कोण? खेळातला वकील की वकिलाचा भाऊ? कोडोलीकर म्हणायचा, "वकील न्हायच! वकिलाच्या कोटाला खिसा हाय डावीकडं. ह्येच्या न्हाय." चाचांचा मुलगा घोड्यांवर नजर ठेवायचा. "पुलाच्या अलीकडं घोड्याचा मागचा पाय पांढरा होता. पलीकडं काळा. घोडा बदलला," तो हळूच म्हणायचा, आणि आम्ही अर्धा दिवस त्यावर काढायचो. आमची एक शीळ ठरली, एक हाताची खूण ठरली. बोर्डिंगातल्या पोरांना आम्ही जेवणानंतर सगळा तुकडा करून दाखवायचो. आगगाडी कोडोलीकर व्हायचा.

या सगळ्या गप्पा चालायच्या त्या चाचांच्या अंगणात. चाची आम्हाला चहा द्यायच्या. मुसलमानाघरी चहा पितो हे माझ्या घरी कळलं असतं तर मला आधी विहिरीवर उभं करून अंघोळ घातली असती, पण ती भीती केव्हाच मागं पडली होती. चाचा ओट्यावर बसून काचा पुसत असायचे आणि आमचं ऐकायचे. एकदा त्यांनी विचारलं, "ती चित्रं चालत्यात म्हंता, पर गोष्ट कोण सांगतो?"

"कुणी न्हाय, चाचा," कोडोलीकर म्हणाला. "आपली आपुन कळती."

चाचांनी पुढची काच पुसायला घेतली. आम्ही पुन्हा बुरखेवाल्याकडं वळलो. त्यांच्या खेळांची बोलावणी कमी होत चालली होती हे आम्हाला दिसत होतं. ज्या इनामदाराकडं दर वर्षी रामनवमीला कंदील लागायचा, त्यानं त्या वर्षी घरच्या मंडळींना बग्गीत घालून तंबूत नेलं. त्यांना आम्ही पुढच्या बाकांवर बसलेलं पाहिलं आणि आम्हाला आनंद झाला. आपल्या आवडीची माणसं वाढली, असं वाटलं.  घरी येताना दारापाशी चाचांचा मुलगा मात्र म्हणाला, "अब्बांना सांगू नका."

त्याच सुमारास त्यानं बुरखेवाला काचेवर काढला. जुन्या काचांमधली एक तडकून, रंग उडून बाद झालेली होती. ती त्यानं वडिलांना विचारून घेतली, धुतली, आणि तिच्यावर आगगाडीच्या टपावर उभा असलेला बुरखेवाला रंगवला, मागं चंद्र, धुराचा लोट. हात उस्तादांच्या घराण्याचाच होता. आम्ही ती काच खिडकीत धरून किती वेळ बघत बसलो असू, कोण जाणे.

पुढं कोडोलीच्या जत्रेत माझ्या दोस्तानं आपल्या चुलत्याला सांगून चाचांचा खेळ ठरवला. आम्ही तिघांनी सामान बैलगाडीत भरलं आणि बरोबर गेलो. दिवेलागण झाल्यावर देवळासमोर धोतर ताणलं, पाणी मारलं, आणि खेळ सुरू झाला. माणसं बरीच होती, पण मागं बसलेली तरणी पोरं आपसात बोलत होती. चाचा मारुतीच्या उड्डाणापर्यंत आले. "आता बगा, अंजनीचा पूत समुद्रावरनं कसा झेपावतो," असं म्हणून त्यांनी काच सरकवली.

धोतरावर बुरखेवाला उभा राहिला.

ती काच मारुतीच्या जागी कुणी ठेवली हे आजवर ठरलेलं नाही. पेटी आम्ही तिघांनी मिळून भरली होती आणि तिघांच्याही हाताला घाई होती.   धोतराकडं बघून मागच्या पोरांनी एकच कल्ला केला. "आगगाडी! आरं आगगाडी हाय की!" त्यांतल्या काहींनी कोल्हापूरचा तंबू पाहिला होता. त्यांनी बुरखेवाल्याला ओळखलं आणि शिट्ट्या मारल्या. चाचा काच काढायला गेले तर ओरडा झाला, "ऱ्हाऊ द्या! त्येचंच सांगा फुडं!"

चाचांनी मुलाकडं पाहिलं. दिव्याच्या उजेडात त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मला पुढं फार वेळा वाटलं. ते बाजूला सरकले आणि म्हणाले, "सांग. तुला ठावं हाय न्हवं?"

आणि तो शांत पोरगा उभा राहिला. आधी अडखळला, मग मी एक वाक्य घातलं, कोडोलीकरनं आगगाडीचा आवाज काढला, आणि आम्ही त्या एका काचेवर बुरखेवाल्याची सगळी गोष्ट सांगितली. लोक हलले नाहीत. मी खोटं बोलणार नाही, त्या घटकेइतका आनंद मला क्वचितच झाला असेल. चाचा पेटीमागं खाली बसले होते आणि वात वरखाली करत होते. रामायण तिथंच राहिलं. मारुती लंकेला पोचलाच नाही.

 परतीच्या गाडीत चाचा मुलाला म्हणाले, "आसल्या आनी किती काडशील?"

"काचा कुठंयत, अब्बा?"

लढाई लागल्यापासून चांगली काच बाजारात येईनाशी झाली होती. जी मिळायची ती हिरवट, बुडबुड्यांची. त्यातून उजेड मळका यायचा.

"हायत की," चाचा म्हणाले. "पेटीभर हायत."

मला त्याचा अर्थ लगेच कळला नाही. चाचांच्या मुलाला कळला असावा, कारण तो एकदम म्हणाला, "नको." कोडोलीकर म्हणाला, "चाचा, त्या उस्तादांच्या हायत." चाचा म्हणाले, "उस्ताद असते तर त्येंनीबी ह्येच केलं असतं. पोटाला लागतंय ते करावं लागतंय." आम्ही आणखी एकदा नको म्हणालो असतो तर ते थांबले असते का? मला ठाऊक नाही. आम्ही म्हणालो नाही, एवढं खरं. गाडी पंचगंगेच्या पुलावर येईपर्यंत आम्ही कुठले प्रसंग काढायचे ते ठरवायला लागलो होतो.

चाचींनी परातीत सोड्याचं गरम पाणी दिलं. रामायणाच्या काचा त्यात भिजत घालायच्या, मग चिंधीनं आणि राखेनं घासायच्या. उस्तादांचे रंग चिवट होते. काळी पार्श्वभूमी आधी सुटायची, मग निळा, आणि तांबडा सगळ्यात शेवटी. पाणी जांभळट व्हायचं, मग तपकिरी. चाचा स्वतः काच हातात घ्यायचे, उजेडाकडं एकदा धरायचे आणि आमच्याकडं द्यायचे. जटायूची काच त्यांनी जरा जास्त वेळ धरली. मग तीही दिली. ती माझ्या वाट्याला आली.

नव्या काचा सुरेख झाल्या. त्या हंगामात आम्हाला बोलावणी आली, वडगावहून, कोडोलीहून पुन्हा, बांबवड्याहून. शाळा बुडवून आम्ही चाचांबरोबर जायचो. गोष्ट आम्ही सांगायचो, चाचा काचा सरकवायचे. मधे कधी त्यांनी काच चुकीची घातली की लोक हसायचे. ते म्हणायचे, "मला ह्यातलं काय समजत न्हाय, बाबांनो," आणि लोक आणखी हसायचे. तेव्हा चाचांचा मुलगा मान खाली घालायचा. मी पुढचं वाक्य मोठ्यानं सुरू करायचो.

पुढच्या वर्षी मलकापूरच्या बाजारात गेलो तेव्हा आमच्या आधी तिथं एक फिरता बायस्कोप येऊन बसला होता. बुरखेवाला तिथं खराखुरा पळत होता. आमच्या ओल्या धोतरावर तो एका जागी उभा होता. आमच्यासमोर चार लहान पोरं बसली, तीही उठून गेली. दुरून तंबूतल्या बाजाच्या पेटीचा आवाज येत होता, आणि सांगायला लाज वाटते, पण कोणता तुकडा चालू असेल हा विचार माझ्या मनात आला.

तेवढ्यात दोन म्हाताऱ्या काठ्या टेकत आल्या. त्यांतली एक चाचांना निरखून म्हणाली, "पावणं, रामाचा खेळ दावणारं तुमीच न्हवं का? माझ्या लेकीच्या लग्नात आलतासा."

"व्हय, बाई."

"मग दावा की. तंबूतलं आमाला काय उमगत न्हाय. सीतामाईचं दावा."

चाचांनी पेटीवर हात ठेवला. आम्ही तिघे तिथंच होतो, हातभर अंतरावर. ते आमच्याकडं वळले नाहीत.

"काचा न्हाईत, बाई," ते म्हणाले. "फुटल्या."

"आई गं. सगळ्या?"

"गाडी उलटली. सगळ्या फुटल्या."

म्हातारीनं तोंडानं चुकचुक केलं, चाचांच्या दंडाला हात लावला, "जीव वाचला न्हवं, बास झालं," असं म्हणाली आणि दोघी गेल्या. कोडोलीकर, ज्याला गप्प बसवणं मास्तरांना जमलं नव्हतं, तो धोतर सोडवायला गेला आणि बराच वेळ गाठीशीच झटत राहिला.

तो चाचांचा शेवटचा खेळ. कंदील माळ्यावर गेला. पुढं तंबूवाल्यानं दारावरचे मोठे फलक रंगवायला त्यांच्या मुलाला बोलावलं आणि बरोबर चाचांनाही घेतलं. मुलाचं नाव झालं. नाटक मंडळ्या त्याच्याकडून पडदे रंगवून घ्यायला लागल्या. चाचा फलकांवरची अक्षरं भरायचे, तेही अगदी नेटकी. कोडोलीकर शिक्षण सोडून शेतीला लागला. मी वडिलांच्याच कचेरीत चिकटलो. चाचांच्या घरात अन्नाला कमी पडलं नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. ते खरंही आहे. तरी पडद्यावर एखादा खेळ रंगात आला, मी पुढं सरकून बसलो, की परातीतलं ते जांभळट पाणी डोळ्यांपुढं येतं.

लढाई संपल्यावर तीन-चार वर्षांनी, महाराज वारले त्या वर्षी पावसाळ्यानंतर कोडोलीकर काही कामानं कोल्हापुरात आला होता. आम्ही तिघे पुन्हा चाचांच्या अंगणात बसलो. बोलता बोलता गोष्टी जुन्या काचांवर आल्या. मी धीर करून म्हणालो, "चाचा, त्या आम्ही घासायला नको होत्या."

चाचांची नजर तेव्हा अधू झाली होती. त्यांनी आवाजाच्या रोखानं माझ्याकडं तोंड केलं.

"त्या दिशी तुमी घासताना गात हुतासा," ते म्हणाले. "तिघंबी. मी म्हणलं, पोरं खूश हायत."

मला गायलेलं आठवत नाही. मी चाचांच्या मुलाकडं पाहिलं. त्यानं मान हलवली, म्हणजे गात होतो. कोडोलीकर जमिनीकडं बघत होता. चाचांच्या बोलण्यात टोमणा होता की नुसती आठवण, ते मला ठरवता आलं नाही. चाचींनी चहा आणला. आम्ही तो प्यायलो.

थोड्या वेळानं चाचांच्या मुलानं सांगितलं की नव्या खेळाचा फलक त्यानंच रंगवलाय, आज पहिला दिवस आहे. आम्ही उठलो. चाचांना विचारलं, येता का. ते म्हणाले, "तुमी जावा." आम्ही गेलो.