रंग न येणारा कॅमेरा

चंद्रप्रकाश सावंतला लाल आणि हिरव्यातला फरक धड कळत नसे, आणि पोटासाठी तो लग्नांचे फोटो काढत असे. सगळ्या मुलुंडमध्ये ही गोष्ट फक्त त्याच्या बायकोला, सुगंधाला ठाऊक होती. फोटो कम्प्युटरवर चढले की ती शेजारी बसायची. "अहो, नवरीचा चेहरा हिरवट झालाय. जरा लाली वाढवा. आता पुरे." हॉलवर मात्र तो एकटाच. "लाल पैठणीतल्या त्या आत्या आहेत ना, त्यांचा एक घ्या," असं कुणी म्हटलं की तो उगाच लेन्स पुसत राहायचा, कोण पुढे येतंय ते बघत.

सुगंधाची आई पडली, मांडीचं हाड मोडलं, आणि सुगंधाला माहेरी कुडाळला जावं लागलं. एक अल्बम त्याने जिवावर उदार होऊन एकट्याने केला. मुलीकडचे तो परत घेऊन आले. "सगळ्यांना कावीळ झाल्यासारखं दिसतंय हो! डोळे मिटून बसला होतात काय?" त्याने कम्प्युटर बिघडल्याचं सांगितलं. झोप मात्र उडाली.

कॅमेऱ्याचा पट्टा घ्यायला तो घाटकोपरला माणिकशेठच्या दुकानात गेला, तर काउंटरवर एक नवाच कॅमेरा. फक्त ब्लॅक अँड व्हाइट काढणारा.

"रंग नाहीत म्हणून जास्त पैसे मोजायचे, बोल!" माणिकशेठ म्हणाला. "फोनमध्ये बटण दाबलं की तेच होतं. तरी पवईची आयटीवाली पोरं विचारत येतात रे. म्हणतात, आत रंगांची जाळीच नाही, सगळा उजेड आत शिरतो, अंधुक खोलीतही सुरकुती न् सुरकुती उठते."

चंद्रप्रकाशने रस्त्याकडे रोखून बटण दाबलं. स्क्रीनवर त्याला जे दिसत होतं, तेच इतरांनाही दिसणार होतं. असं आजवर कधी झालं नव्हतं. कॅमेरा त्याने भाड्याने घेतला. पण असले फोटो मागणार कोण?

मागितले गार्गी नावाच्या एका नव्या गिऱ्हाइकाने. तिला सासूसासऱ्यांचे, कुंदाताई आणि नंदकुमार यांचे, घरच्या घरी फोटो हवे होते. रंग नसतील हे त्याने फोनवरच सांगितलं. "झकास, एकदम क्लासी!" ती म्हणाली.

तो घरी गेल्यावर मात्र ती म्हणाली, "दोन-चार कलरमध्येपण घ्या ना. आईंनी खास साडी नेसलीय."

"याच्यात रंग येत नाही."

"मग दुसरा नाही आणला?"

दुसरा बॅगेत होता. चंद्रप्रकाशच्या डोळ्यांपुढे कावीळवाला अल्बम आला.

"आणलाय. पण मला रंग नीट दिसत नाहीत. बायको सुधारून देते, ती गावी आहे."

"आणि तुम्ही लग्नं करता?" गार्गीचा आवाज चढला.

झालं, वाट लागली, त्याला वाटलं. आता हे गावभर होणार.

कुंदाताईंनी पदर पुढे केला. "मग ही कशी दिसते तुम्हाला?"

"मातकट," तो खरं तेच बोलला.

"ऐकलंत? मीपण दुकानात हेच म्हणत होते!" त्या नवऱ्याकडे वळल्या. साडी नंदकुमारांनी पसंत केली होती. ते ओशाळून हसले, त्याही हसल्या, आणि चंद्रप्रकाशने बटण दाबलं. तो फोटो बघून गार्गीचा आवाज खाली आला. कलरचे तिने स्वतःच्या फोनवर काढले.

"सांगून टाकलं," त्याने सुगंधाला फोनवर सांगितलं.

"वेड लागलंय तुम्हाला! सीझन तोंडावर आलाय!"

तिची भीती खोटी नव्हती. गार्गीने चार ठिकाणी सांगितलंच. ठरलेली दोन लग्नं हातची गेली. पण तिच्याच तोंडून ऐकून म्हाताऱ्यांच्या फोटोंची कामंही आली, कधी आठवड्याला एक, कधी महिनाभर काहीच नाही. सुगंधा परतल्यावर हॉलवरही त्याच्याबरोबर जायला लागली आणि रंग उघडपणे सांगायला लागली. कॅमेरा अजून भाड्याचाच आहे. विकत घ्यायचा की नाही, यावर दोघांचं अजून एकमत झालेलं नाही.