रॉकेटवाले मास्तर आणि फेरीबोटीची रांग

माझा मित्र दत्ता गेला ही बातमी मालवणात मीच आणली. बाजारपेठेत गाडी थांबताच ओळखीच्या एकाने हसत विचारलं, "काय, मास्तर बरे जाले मां?" तेवढ्यात त्याची नजर मागच्या सीटवर गेली. सकाळी शाळेत प्रार्थनेला उभा असलेला माणूस संध्याकाळी असा परत येतो, हे महिना उलटला तरी माझ्या डोक्यात शिरत नाही...

दत्ता हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. गावात तो रॉकेटवाले मास्तर, कारण गणपतीतल्या एका व्याख्यानात त्याने सांगितलं होतं की उद्या माणसं रॉकेटात बसून मुंबईहून लंडनला पाऊण तासात पोचतील. मागून आवाज आला, "मास्तरांनू, कंडक्टर आसतलो मां? सुट्टे नसले तर उतरवतलो खंय?" सभा खो खो हसली, दत्ताही हसला. मग अडचणी त्यानेच मांडल्या. सुटताना छातीवर असं ओझं येतं की म्हाताऱ्याकोताऱ्यांनी बसूच नये. आवाज इतका की कौलं हादरतील, म्हणून तळ हवा समुद्रात, किनाऱ्यापासून लांब. तिथवर जायचं होडीने. आणि पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की नारळी पुनवेपर्यंत रॉकेटही बंद! घरी येताना मी डिवचलं, "मगे उपयोग काय रे तुझ्या रॉकेटाचो?" तो म्हणाला, "मधला उडणां सोपां रे. घरातून थंयसर जावचा आणि थंयसून घराक येवचा, ह्या दोन टोकांचा कोण बघता?" त्याचे वडील मुंबईत वारले तेव्हा एसटीने तो पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. रॉकेटाचं वेड तिथून लागलं, हे त्याने फक्त मला सांगितलं होतं.

त्या दिवशी वर्गात त्याच्या छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, गोव्याला न्या, उशीर करू नका. भाड्याच्या अॅम्बॅसडरमध्ये मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. पणजीच्या अलीकडे मांडवी नदीवरचा पूल पडल्यापासून गाड्या फेरीबोटीने पलीकडे जायच्या. धक्क्यावर ही रांग! ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, पुढे घालू?" मी म्हणालो, "नको, लोक काय म्हणतील." दत्ताने डोळे उघडले. "सांग रे तेंका," एवढंच म्हणाला.

मी उतरलो. पहिल्या ट्रकपाशी गेलो. ट्रकवाला काचेच्या पेल्यातून चहा पीत होता. सगळी नोकरी मी कचेरीच्या खिडकीमागे काढली. पुढे घुसणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कितीही गयावया करो, "रांगेत उभे राहा" म्हटलं. आता त्यांच्यासारखंच पुढे जाऊ द्या म्हणून मला मागायचं होतं. ट्रकवाल्याने विचारलं, "क्या है?" आणि मी, वाचकहो, त्याला विचारलं, बोट कधी येणार... बस्स. आलो तसा परतलो. दत्ताला म्हणालो, "सांगलंय." त्याने मान हलवली. त्याला खरं वाटलं. बोट आली, पुढच्या गाड्या घेऊन गेली. आम्ही नंतरच्या फेरीत चढलो. पाण्याच्या मध्यावर त्याचा हात माझ्या हातात होता, आणि पलीकडच्या धक्क्याला बोट लागली तेव्हाही हातातच होता. मधे तो केव्हा गेला, मला कळलंच नाही.

दत्ताच्या बायकोला, सुमनवहिनींना, मी सांगितलं होतं की वाटेत काही म्हणजे काही कमी पडलं नाही, आणि शेवटी त्याने तुमचं नाव घेतलं. गेल्या आठवड्यात ते खोटं पेलवेना, म्हणून त्यांच्या घरी गेलो. पडवीत दत्ताची आरामखुर्ची रस्त्याकडे तोंड करून तशीच आहे. कापडाला त्याच्या पाठीचा खोलगट आकार अजून आहे. मी तिच्या कडेवर टेकलो आणि सगळं सांगून टाकलं. ट्रक, चहा, "सांगलंय", सगळं. वहिनी तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवायला त्यांनी बराच वेळ घेतला.

"सांगलात, बरां केलात, भावजी," त्या म्हणाल्या. "पण त्या खुर्चेर बसू नकात."

मी उठलो. त्यांनी दुसरी खुर्ची पुढे केली नाही, आणि मीही मागितली नाही.