पेशंट नाही, सॅम्पल म्हण!

आमच्या लॅबमध्ये प्रत्येक सॅम्पलचा एक दिवस ठरलेला असतो. तो झाला की फेकून द्यायचं. किस्स्यांचं तसं नाही बाप्पा! एक सांगायला घ्यावा तर मागून चार येतात, आणि सुषमा एकही फेकू देत नाही. सुषमा म्हणजे आमची सीनियर टेक्निशियन. जेवायच्या सुट्टीत डब्याच्या आधी ती मलाच उघडते.

माझ्याकडे किस्से जास्त, कारण मी इथे सरळ कॉलेजातून आले नाही. आधी लोकांच्या घरी जाऊन म्हातारी माणसं सांभाळायचे. अंघोळ, भरवणं, कूस बदलणं, बेडपॅन, सगळं.

*

घुग्घुसला मी बापूंकडे होते. कोळशाच्या खाणीतून रिटायर झालेले. लकव्यानं डावी बाजू गेली होती, तोंड मात्र शाबूत. सकाळी मी लॅब टेक्निशियनच्या कोर्सला जायचे आणि दुपारपासून बापूंच्या खाटेशी बसून कोर्सची पुस्तकं मोठ्यानं वाचायचे. मला वाटायचं, ऐकता ऐकता त्यांना झोप लागते.

एक दिवस डॉक्टर घरी तपासायला आले आणि त्यांनी विचारलं, काय बापू, कसं वाटते?

"कसं वाटते ते मी पाहतो जी," बापू म्हणाले. "तुम्ही प्लेटलेट किती हाये ते सांगा."

हातावरची शीर शोधायला मी त्यांच्याच डाव्या हातावर शिकले. तसंही याले काही कळत नाई, म्हणायचे, बांध पट्टा अन् शोध, सुई तेवढी खुपसू नको. मी पास झाले तेव्हा सगळ्या गल्लीला पेढे त्यांनीच वाटायला लावले. आणि आता काम सोडते म्हटल्यावर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. मलाही फार वाईट वाटलं.

*

चंद्रपूरच्या लॅबमध्ये बोरकुटे सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत बघू. जमलं तर राहा, नाहीतर तुझं जुनं काम आहेच."

जुन्या कामाची मला लाज नव्हती, आजही नाही. पण मायक्रोस्कोपमधून पहिल्यांदा रक्त पाहिलं, तेव्हापासून दुसरं काही करावंसंच वाटेना. मला परत जायचं नव्हतं. आई विहारात माझ्या नावानं मेणबत्त्या लावत होती.

सवय मात्र जाता जाईना. रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणारं आमचं मशीन सुरू केलं की माझ्या तोंडून निघायचंच, घाबरू नका, झालंच आता. नळ्या बाहेर काढताना म्हणायचे, हळू उठा, चक्कर येईल. सरांनी ऐकलं.

"कविता, इथे पेशंट नसतो. सॅम्पल म्हण."

मी मान हलवली. तेवढ्यात मशीन वाजलं आणि आतून सुषमाचा आवाज आला, "कविता, तुझ्या पेशंटले जाग आली वं!"

*

मूल गावावरून एक आजोबा पहिल्या बसनं आले. चेहरा पार उतरलेला. माझ्यानं काही बघवलं नाही. त्यांना बसवलं, पाठीवरून हात फिरवला, टपरीवरून चहा आणला, सोबत चार बिस्किटं. आजोबांना तरतरी आली. मग मी मोठ्या प्रेमानं रक्त काढायला पट्टा बांधला.

सर चिठ्ठी वाचून उभेच राहिले. "अगं, हा फास्टिंग शुगरचा पेशंट आहे!"

"हो ना सर, म्हणूनच तर दिला," मी म्हटलं. "सकाळपासून काही खाल्लं नव्हतं बिचाऱ्यानं."

सर चिठ्ठी घेऊन आत गेले. सुषमानं हसू लपवायला तोंडात रुमाल कोंबला. आजोबांना उद्या पुन्हा उपाशीपोटी यायला सांगितलं, तर ते मलाच हळूच विचारतात, उद्याही चहा असते का?

मी त्या दिवशी घरी जाऊन रडले. गेली म्हटलं नोकरी.

*

त्यात बापू आले! मुलीला घेऊन, ऑटोनं, थेट घुग्घुसवरून. काउंटरवर म्हणाले, जेवढ्या टेस्ट असतील तेवढ्या करा. सरांनी विचारलं, त्रास काय होतोय?

"कविता दिसत नाई," बापू म्हणाले. "महिना झाला."

सर म्हणाले, याची टेस्ट आमच्याकडे नाही. बापूंनी मशीनकडे पाहिलं, माझ्या पांढऱ्या कोटाकडे पाहिलं आणि सरांना दम दिला, पोट्टीले नीट ठेवा. मला वाटलं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. संध्याकाळी सर एवढंच म्हणाले, "ही लॅब आहे, तुझं माहेर नाही. कॅम्पवरून आलो की तुझ्याशी बोलायचं आहे." दिवाळी तोंडावर आली होती. काय बोलायचं आहे, ते कळायला मला कोर्स करावा लागला नसता.

*

कॅम्प सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीचा होता, एटापल्लीच्या आत एका जंगलातल्या गावी. सूरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांमागे धूळ खात पोचलो. शाळेत टेबल मांडलं. गाव सगळं जमलं, पण बोट पुढे करायला कुणी तयार नाही. सर माईकवरून समजावून थकले. शेवटी समोर बसलेली एक आजी तिच्या माडिया भाषेत काहीतरी बोलली. गावच्या आरोग्यसेविका आशाताईंनी मराठीत सांगितलं, "आजी म्हणते, मागच्या खेपेला बी रक्त नेलं. रिपोर्ट कोणीच आणला नाई. नुसतं नेताच का तुम्ही?"

बरोबरच होतं तिचं. सरांनी माईक खाली ठेवला आणि रिपोर्ट मी स्वतः आणून देईन म्हणाले. आजीनं ऐकलं आणि पाहू म्हणत बोट माझ्या हातात दिलं.

बोट हातात घेतलं तर नख वाढून कडेला फाटलेलं, मांसात रुतलेलं. माझा हात आपोआप पर्समध्ये गेला. नेलकटर काढला, स्पिरिटनं पुसला आणि दहाही बोटांची नखं कापून दिली. मग बोट टोचलं. आजीनं हात उलटे-सुलटे करून पाहिले, शेजारणीला दाखवले.

झालं, लाइन लागली! पण प्रत्येकाला आधी नखं कापून पाहिजेत. मी नखं कापली तर रक्त कोण घेणार? सुषमा नळ्यांवर नावं लिहीत होती. मी सरांकडे पाहिलं. सरांनी बाह्या सरसावल्या, माझ्या हातातून नेलकटर घेतला आणि माझ्या शेजारी खाली बसले. स्पिरिटनं पुसायचे, कापायचे, पुन्हा पुसायचे. घाम फुटला होता त्यांना.

आजी परत आली. बराच वेळ सरांचं काम बघत उभी राहिली. मग आशाताईंच्या कानाशी लागली. आशाताई सांगेनात. सरांनीच विचारलं, काय म्हणते?

"आजी म्हणते, हा नवीन दिसते. हात जड हाये याचा. पण ठेवून घ्या, शिकंल."

सुषमाचा पेन थांबला. मी खाली मान घालून बसले. सरांनी हातातलं नख नीट कापून संपवलं.

"कविता," ते म्हणाले, "दिवाळीनंतर आपल्याला इथे रिपोर्ट घेऊन यायचं आहे. नेलकटर दोन घेजो."