शिवलेला खिसा

आमच्या ह्यांच्या खाकी शर्टाला खाली कमरेशी दोन खिसे. डाव्यात पेन आणि छोटा टॉर्च, उजव्यात बिस्किटं. हे विजेच्या ऑफिसात मीटर रीडर होते. एकतीस वर्षं मी तो उजवा खिसा धुण्याआधी उलटा करून झटकला आणि एकतीस वर्षं बोलले. बिस्किटांचा लगदा शिवणीत जाऊन बसतो, नखाने काढावा लागतो. ह्यांचं हूं नाही की चूं नाही. माझी बडबड संपायची आणि दुसऱ्या दिवशी खिशात नवा पुडा.

बिस्किटं कुत्र्यांसाठी. मीटर वाचणाऱ्याला घराच्या पोटात शिरावं लागतं, जिन्याखाली, मागच्या अंगणात, कुठेही. बरोबरची माणसं काठी घेऊन जायची, हे बिस्किट. कुत्रं भुंकलं की एक टाकायचं, ते खाईपर्यंत आकडा लिहून बाहेर. एकतीस वर्षांत एक दात लागला नाही, आणि त्याचा काय तो तोरा! "कुत्र्याला माणूस कळतो," असं जो भेटेल त्याला सांगायचे. मी म्हणायचे, माणूस कसला, खिसा कळतो. एकदा खिसा शिवून टाकते, मग बघू किती जण ओळख देतात ते. हे हसून सोडून द्यायचे. ते बोलणं त्यांना आत कुठेतरी लागत होतं, हे मला फार उशिरा कळलं. माझी जीभ अशीच आहे, काय करणार.

सगळ्यांत लाडका मॉनिटर. तपकिरी रंगाचा, एक कान उभा, एक पडलेला. तो शाळेच्या बाईंचा. बाई निवृत्त होऊन आमच्या मागच्या गल्लीत एकट्या राहायच्या. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेली बाई कुत्र्याचं नाव दुसरं काय ठेवणार? ज्यांच्या आवाजाने पोरांची बोबडी वळायची, त्या बाईंना हा अजिबात जुमानत नसे. त्या तासभर व्याख्यान द्यायच्या, हा जांभई द्यायचा. पण नवरा गेलेला, मुलगी दूर देशी. बाईंना उठवायला, जेवायला बसवायला तोच होता. आणि ह्यांचे बूट वाजले की मॉनिटर फाटकावर दोन्ही पाय टाकून गल्ली डोक्यावर घ्यायचा.

हे निवृत्त झाले आणि ह्यांच्या जागी एक मुलगी आली, चोवीस-पंचवीसची, हसरी. बाईंच्या घरी पहिल्याच वेळी मॉनिटर तिच्या अंगावर गेला. कमरेजवळ चार टाके पडले. गल्लीने सह्या करून अर्ज दिला, नगरपालिकेचा माणूस येऊन सांगून गेला की पुढच्या महिन्याच्या रीडिंगला हे कुत्रं कुणाच्या अंगावर आलं तर उचलून नेणार. बाई आमच्या दारात आल्या, तेव्हा पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. त्या बाईंना मी तसं कधी पाहिलं नव्हतं.

हे तावातावाने म्हणाले, मॉनिटर असा नाही, पोरगी घाबरून पळाली असेल. त्याच तिरमिरीत तिला भेटायला गेले. तिने त्या दिवशीचा खाकी शर्ट पुढे ठेवला. कमरेशी, बाजूचा उजवा खिसा शिवणीसकट फाडलेला. बाकी शर्टाला ओरखडा नाही.

घरी आले ते चहा न घेता बसून राहिले. मग उठून जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले, मलाही चल म्हणाले. डॉक्टर वयाने आमच्या मुलाएवढे, पण त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "काका, कुत्र्याने काहीच चुकीचं केलं नाही. खाकी शर्ट दिसला की भुंकायचं, मग खिशातून खाऊ मिळतो, हे तुम्हीच शिकवलंत. तिने दिला नाही, त्याने घेतला."

उपाय सोपा होता, म्हणजे सांगायला. मॉनिटरने खाकी शर्टाकडून काही मागायचं नाही, बाईंकडे बघायचं. शाबासकी आणि खाऊ फक्त बाईंच्या हातून. आणि ह्यांनी त्याचं कुणी म्हणजे कुणी राहायचं नाही.

घरी येऊन ह्यांनी कपाटातून आपला खाकी शर्ट काढला आणि माझ्यापुढे धरला. "तू म्हणायचीस ना? शिवून टाक." मी जाड दोऱ्याने दुहेरी टाके घातले. त्या दिवशी माझ्या तोंडून एक शब्द निघाला असेल तर शपथ.

महिनाभर रोज सकाळी हे तो शर्ट घालून बाईंच्या फाटकातून आत जायचे आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. मॉनिटर भुंकायचा, खिशाला नाक लावायचा. पायरीवरून बाई हाक मारायच्या. त्याने मान वळवली की तिथल्या तिथे खाऊ. बाईंना एकदाच हाक मारून गप्प बसायला शिकवण्यात आठवडा गेला. हे म्हणाले, बाई, वर्गाला दहादा सांगितलं की वर्ग ऐकत नाही, हे मी तुम्हाला सांगायचं का? बाई रागावल्या आणि दुसऱ्या दिवसापासून एकदाच हाक मारू लागल्या. मॉनिटरला अर्थ लागेना. हे बोलत का नाहीत, आपलं काय चुकलं, म्हणून तो आपला चावून चोथा झालेला चेंडू ह्यांच्या बुटाशी आणून ठेवायचा. एक दिवस हे घरी येऊन म्हणाले, "आज बुटावर डोकं ठेवून बसला होता. मी खाली बघितलं नाही." आणि रडले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण रडताना पहिल्यांदा पाहिलं.

रीडिंगच्या दिवशी आम्ही दोघं समोरच्या वह्यांच्या दुकानाशी उभे राहिलो. हे साध्या कपड्यांत. मुलगी आली, वही कमरेशी खिशावर दाबून धरलेली. मॉनिटर उठला, एकदा भुंकला. बाईंनी पायरीवरून हाक मारली, एकच, हळू. त्याने खाकी शर्टाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि जाऊन बाईंच्या पायाशी बसला. मुलगी जिन्याखाली गेली, टॉर्च मारला, आकडा लिहिला, बाहेर आली. बाईंनी पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात मॉनिटरला रस्त्यापलीकडे हे दिसले. शेपूट हलायला लागली. हे वळले आणि घराकडे चालू लागले. बाईंचा मॉनिटर वाचला, ह्यांचा गेला.

मग हे गप्प बसतील तर ना! खिशाने बिघडवलेली कुत्री गावभर होती. घरोघर जाऊन माफी मागितली आणि पाण्याच्या टाकीमागच्या मैदानात रविवारचा वर्ग सुरू केला, फुकट. दहा वर्षं चालला. औषधांच्या दुकानदाराचं कुत्रं पलंगावर झोपायचं आणि हा खुर्चीत. त्याला पलंग परत मिळवून दिला. एक शिंपी कुत्र्याला पट्ट्याने मारायचा. त्याला हे म्हणाले, खाऊ देणारा हात तोच आणि मारणारा तोच, मग त्याने ओळखायचं कुठल्या हाताला? शिंप्याने पट्टा फेकला. लोक विचारायचे, काका, तुम्ही कुत्री शिकवता की माणसं? पण दहा वर्षांत ह्यांनी वर्गातल्या एकाही कुत्र्याला हात लावला नाही. जीव मालकाशी जडला पाहिजे, माझ्याशी नाही, म्हणायचे. लोकांना ती शिस्त वाटायची. मला माहीत होतं ती काय होती ते.

शेवटच्या आजारपणात ह्यांना तोच खाकी शर्ट लागायचा. धुऊन धुऊन मऊ झाला होता, अंगाला टोचत नसे. एक दिवस दुपारी बाई बघायला आल्या, सोबत मॉनिटर. तोंड पांढरं झालेलं, मागचे पाय ओढत चालणारा. तो दारातच थांबला आणि बाईंकडे बघू लागला, शिकवल्यासारखा. बाई म्हणाल्या, "जा."

तो आला, खाटेच्या कडेवर डोकं ठेवलं. ह्यांचा हात सवयीने उजव्या खिशाकडे गेला आणि टाक्यांवर अडला. माझा जीव कळवळला. वाटलं, शिवणीला हात घालून ते टाके तोडून टाकावेत, घरात कुठे बिस्किट असेल तर आणावं. ह्यांनी मानेनेच नको म्हटलं. मॉनिटरने खिशाला नाकही लावलं नाही. ह्यांच्या तळव्याखाली डोकं सरकवलं आणि डोळे मिटले.

"बघ," हे मला म्हणाले, "खिसा शिवलेलाच आहे."

बाई संध्याकाळपर्यंत बसल्या. त्यांनी त्याला एकदाही हाक मारली नाही.