पात्याची सावली

नळदुर्गच्या माळावर, पवनचक्कीच्या पायथ्याशी, एक म्हातारी एकटीच राहते. वारा सोसाट्याचा होता आणि पवनचक्की ठप्प उभी होती. ‘वारा असताना पवनचक्क्या बंद का?’ हे आमच्या संघटनेचं पत्रक घेऊन मी तिच्या दारात गेलो. ती उंबऱ्याशी जोंधळे पाखडत होती.

"मावशी, तारांना एवढी वीज झेपत नाही, साठवायची सोय कुणी केली नाही. म्हणून वरून हुकूम सुटतो, बंद करा! आणि गावं अंधारात. लाज कशी वाटत नाही यांना?"

"लई तापतूस रं लेका," ती म्हणाली. "पंखा फिरत असला की दिस कलल्यावर पात्याची सावली घरात येती-जाती. कुणीतरी आल्यावानी वाटतंय. बंद केला की दिसभर कुणीच न्हाय. तेवढं लिव्ह तुझ्या कागदात."

सावलीचा जाच होतो, ही तक्रार मी गावोगाव ऐकली होती. सावली मागणारी ही पहिलीच.

ऊन कललं होतं; निघालो तेवढ्यात वर पातं हललं. सावली हळूच उंबरा ओलांडून आत आली. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि डोक्यावर पदर घेतला.